हातचा एक

कॅम्पच्या स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब माझ्याकडे.
सतरा पोरं, पहाटेचा चहा, रात्रीची उगाली,
आणि वहीच्या कडेला, बेरीज चुकू नये म्हणून,
पेन्सिलीनं बारीक लिहिलेला हातचा एक.

गेल्या साली परदेशातून एक बाई आली,
गळ्यात घड्याळ, हातात कोरी वही.
तिला बारंगेतुनीचं गुपित हवं होतं.
काय खातो, कधी उठतो,
शर्यतीआधी मनाशी काय बोलतो.
मी म्हटलं, झोपलाय.
दुपारी दोनला आली. झोपलाय.
चारला तो उंबऱ्यावर बसून मक्याचे दाणे सोलत होता.
बाई बराच वेळ बघत राहिली,
मग तिनंही एक कणीस घेतलं.

सोमवारी तो इतका हळू पळतो
की दप्तरं हलवत शाळेची पोरं त्याला मागे टाकतात,
वळून दात काढतात.
नव्यांना हे जमत नाही.
केरियो दरीच्या कडेच्या लाल वाटेवर
ते सोमवारीच छाती फोडून घेतात,
आणि मंगळवारी, खरं पळायचं तेव्हा,
माझ्याकडे गरम पाण्याची बादली मागतात.
मी देते. बोलत नाही.
मुरसिकचंही तसंच. भोपळ्याला आतून कोळसा माखायचा,
दूध भरायचं, आणि विसरून जायचं.
रोज बूच काढून बघणाऱ्याचं
मुरत नाही, नुसतं नासतं.

त्याचं काम सांगायचं राहिलंच.
तो जिंकायला जात नाही.
रॉटरडॅमला, सोलला, एकदा लिस्बनला,
ज्यांना जिंकायचंय त्यांच्यापुढे तो पळतो,
त्यांचा वारा आपल्या अंगावर घेऊन,
दर किलोमीटरला तीन मिनिटं,
एक सेकंद इकडचा तिकडे नाही.
आणि तिसाव्या खुणेशी
रस्त्याच्या कडेला होतो.
कुणीतरी खांद्यावर ब्लँकेट टाकतं,
टाळ्या पुढे निघून गेलेल्या असतात.
उरलेले बारा तो कधी पळालेलाच नाही.

म्हणजे, एकदा पळाला.
तिसाव्या खुणेशी त्यानं मागे पाहिलं
आणि मागे कुणीच नव्हतं.
काय करणार? पळत राहिला.
एल्डोरेटच्या विमानतळावर बायकांनी गाणी म्हटली,
ओठांना भोपळा लावला,
सासऱ्यानं काळी गाय दिली.

मग आठ महिने मी त्याचं दूध परत ओतत होते.
दुपारी खाट रिकामी.
जेवताना मनगटावर डोळा.
सोमवारी शाळेची पोरं मागेच राहायची
आणि त्यांना त्यात काही मजा उरली नाही.
दुसऱ्या शर्यतीत चौथा आला. तिसरीत पोटरी गेली.
पोटरीवर मी तेल चोळत होते तेव्हा
तो छताकडे बघून आकडे पुटपुटत होता.

एके दिवशी त्यानं एजंटला फोन लावला,
माझ्या चुलीपाशी, कारण तिथंच रेंज येते.
म्हणाला, तीसच. पैसे कमी चालतील.
सासरा वर्षभर बोलला नाही.
पोरं म्हणाली, घाबरला.
मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.
भाजी चिरता चिरता विचारलंही,
ते बारा नकोसे झाले का रे?
तो जरा थांबला. म्हणाला,
मावशी, दूध उतू चाललंय.

खरंच चाललं होतं.

आता दुपारी दोनला कुणी विचारलं तर सांगते, झोपलाय.
बाईचं पत्र येतं कधीमधी,
ती म्हणते, वही अजून कोरीच आहे.
आणि सोमवारी
पोरं त्याला हसत मागे टाकतात,
सगळी, एक जेलागात सोडून.
सहा वर्षांची, बूट हातात,
ती पुढे जात नाही.
त्याच्या पाठीमागे, अगदी पाठीशी,
पावलाला पाऊल देत पळते,
समोरून दरीचा वारा येतोय
आणि तिच्या फ्रॉकची कड हलत नाही.